आक्काच्या कपाळावरची कोर

आमच्या घरात देखणी कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. देखणी म्हणजे आक्का. नाव तिचं हौसा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि अंगापिंडानं अशी की कासार आंबोलीत विहिरीवर ती पाणी भरायला उभी राहिली की बाकीच्या पोरी आपोआप मागं सरायच्या. उंच, खांद्यात रुंद, रंगानं सावळी, मनगटं इतकी भरलेली की बांगड्या भरणाऱ्याला घाम फुटायचा. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून यायची तेव्हा तिची मान जराही हलायची नाही. आमची आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा लवकर गेल्यामुळं आमच्यातच राहायची. ती आक्काच्या दंडाला चिमटा काढून म्हणायची, "ह्याला म्हनत्यात पोरगी! धा मानसांचं खटलं वढंल." आणि मग तिची नजर माझ्याकडं वळायची. मी म्हणजे नुसती काटकी. "हिला कोन करून नेनार गं बाई? वारं सुटलं तर भितीला धरून उभी ऱ्हाती." मला वाटीवाटीनं तूप, खारकेची पूड घातलेलं दूध, डिंकाचे लाडू, सगळं चारून झालं होतं. अंगाला म्हणून काही लागलं नाही. आई माझ्यासाठी भाकरी मुद्दाम जाड थापायची आणि मी त्यातली अर्धी गुपचूप कुत्र्याला घालायची.

देखणेपणावर आमच्याकडं एक शिक्का बसायचा, तो गोंदणाचा. सुगी संपून भात कणगीत पडलं की गोंदणारीण यायची. तिच्याजवळ तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या असत आणि करवंटीत खललेली काजळी. ओसरीवर पोरीला मांडीत घट्ट धरायची आणि मोठ्यानं गात गात टोचत सुटायची. ते गाणं पोरीचं रडणं झाकायलाच असावं, असं मला आता वाटतं. आक्का सात-आठ वर्षांची असताना तिच्या भिवयांच्या मधोमध, थोडी वर, चंद्राची कोर काढली आणि कोरीच्या पोटात एक ठिपका. आक्कानं म्हणे हूं की चूं केलं नाही. आत्यानं त्यावर हळद दाबली आणि आळीभर गूळ वाटला. खपली पडल्यावर सावळ्या कपाळावर ती हिरवी कोर अशी काही उठून दिसायला लागली की लांबून येणाऱ्या आक्काला लोक कोरीवरून ओळखायचे. आत्याचा पक्का विश्वास होता की बाई मेली की अंगावरचं सोनं, लुगडं, सगळं काढून घेतात. बरोबर जातं ते फक्त गोंदण. वर गेल्यावर पहिलं विचारतात म्हणे, खालनं काय आणलंस, दाखव. मला हे अगदी खरं वाटायचं, आणि तरीही माझी पाळी आली तेव्हा मी पळाले. पेंढ्याच्या गंजीमागं संध्याकाळपर्यंत बसून राहिले. गोंदणारीण कंटाळून पुढच्या गावाला गेली.

पळाले ती सुयांना भिऊन नाही. घरच्यांना तसं वाटलं, मीही वाटू दिलं. खरं कारण होतं मास्तरीणबाई. त्या वर्षी शाळेत नवे मास्तर आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको, थेट पुण्याची. गोरी, बारीक, पाचवारी नेसणारी, चिखलात पाऊल टाकताना आधी दोनदा विचार करणारी. गावातल्या बायांना तिची भारी कीव यायची. "मास्तर खायाला घालत न्हाई जनू," एक म्हणायची. "प्वार कशी व्हायची गं हिला? कंबर हाय का काय हाय!" दुसरी. आत्यानं तर एकदा माझ्याच हाती तुपाची लोटी पाठवली, वर निरोप, "जरा पोटाला खावा म्हनावं, हाडं दिसत्यात." मास्तरीणबाईंनी हसत ती लोटी ठेवून घेतली. त्या बाईला हसणाऱ्या सगळ्या बायांमध्ये मी एकटी तोंड उघडं टाकून बघत उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यासारखी बारीक बाई दिसली होती, आणि तिला नवरा होता, पावडरचा डबा होता, कोनाड्यात फणी-आरसा होता, आणि ती स्वतःला कुरूप समजत नव्हती. हे मला भलतंच आवडलं. मी रोज शाळा सुटली की तिच्या ओसरीवर. गोंदणारणीपासून पळाल्याचं मी तिला मोठ्या फुशारकीनं सांगितलं, तेव्हा ती माझी हनुवटी वर करून म्हणाली, "बरं झालं पळालीस. कपाळ बघ कसं स्वच्छ राहिलंय." तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. बोलून ती तांदूळ निवडायला लागलीसुद्धा.

मी मात्र तो स्वच्छ शब्द घरी घेऊन आले. आक्का चुलीपुढं बसून वालाच्या कालवणाला फोडणी देत होती. लसणाचा वास सुटला होता, जाळाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि मी पहिल्यांदाच तिच्या कपाळाकडं निरखून बघितलं. कालपर्यंत तिथं चंद्र होता. त्या संध्याकाळी मला तिथं मळ बसलेला दिसला. घासला तर निघेल, असा. मला वाटतं माझ्या हातून जे झालं ते पुढं तीन वर्षांनी झालं, पण त्याची सुरुवात त्या चुलीपुढंच झाली. मग मी घरात 'हाय-न्हाई' सोडून 'आहे-नाही' बोलायला लागले. आत्या कपाळाला हात लावायची, "पुन्याची झालीया आमची सुमी! भाकर हितली खाती आन् बोलती तिकडचं."

आमच्या नातीनं परवा मनगटावर कोर काढून आणली. हिंजवडीला कुठल्याशा ऑफिसात असते ती, तिथल्या मैत्रिणीबरोबर जाऊन दुकानात खुर्चीत बसून काढली म्हणे. तिच्या आईनं आरडाओरडा केला. नात माझ्याकडं आली, तिला वाटलं आजी जुन्या वळणाची, आजी पण ओरडणार. तिचा हात हातात घेऊन नुसती बघत बसले. "आवडली ना आजी?" तिनं विचारलं. आता काय सांगू हिला, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला वाटलं, आजीला फारच आवडली.

आक्का सतरा वर्षांची झाली आणि मामानं, म्हणजे आईच्या थोरल्या भावानं, स्थळ आणलं. घर नेऱ्याचं, जमीन पोटापुरती, पण मुलगा पुण्यात एका छापखान्यात कामाला, खोली घेऊन राहिलेला. आईनं त्या दिवशी तूप सुटेपर्यंत शिरा भाजला. पाहुण्यांपुढं आक्काला आणली. मुलाच्या आईनं तिला ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, अंबाडा सोडून केस दाखवायला लावले, आणि शेवटी कोपऱ्यातल्या भरल्या हंड्याकडं बोट केलं. "उचल बरं पोरी." आक्कानं तो एका हातानं उचलून कमरेवर घेतला, थेंबही सांडला नाही. म्हातारी खूश झाली. पण मुलगा? तो पांढऱ्या शर्टात भिंतीला टेकून बसला होता. त्यानं आक्काच्या कपाळाकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. पुन्हा बघितलं, पुन्हा खाली घेतली. आक्काच्या ते ध्यानात आलं आणि माझ्याही. तरी पाहुणे गेल्यावर भांडी घासताना आक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुमे, हळू बोलतो गं तो. पानी मागितलं तर 'द्याल का' म्हनला." आमच्या घरात बाप्यांनी पाणी मागायची रीत म्हणजे नुसतं "पानी!" अशी हाक. त्या एका 'द्याल का'वर आमची आक्का भाळली होती. चार दिवस तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं, भाकरी करपत होत्या, आणि आई रागवायचं सोडून गालात हसत होती.

आठ दिवसांनी मामा आला. ओसरीवर बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, आणि तांब्याभर पाणी प्याला. मग म्हणाला, "पोरगी पसंत हाय. घर पसंत हाय. म्हातारी तर उद्या लगीन करा म्हनतीया. पर पोराचं मन अडाकलंय." आई म्हणाली, "कशापायी रं दादा?" मामा चाचरला. "त्ये कपाळावरचं. पुन्यात तो ऱ्हातो तितल्या बाया पोरीला हसतील म्हनतो. अडानी म्हनतील." आत्या आतून तरातरा बाहेर आली. "काय म्हनला? गोंदनाला हसतील? ज्या बाईच्या कपाळावर काय न्हाई तिला हसायचं का जिच्या हाय तिला? उलटी दुनिया झाली काय?" मामा म्हणाला, "बाई, म्या काय करू? पर तो न्हाई म्हनला न्हाई. येत्या गुरुवारी परत येतो, एकडाव नीट बघतो म्हनलाय." आईनं क्षणभर विचार केला आणि एकदम तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग त्यात काय एवढं? कुंकू जरा मोठं लावू. ह्या रुपयायेवढं. कोर झाकून जाईल." मामाही हसला. कुंकवाखाली सगळं बसत होतं, कुणाला पुण्यात दिसणार नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. माझ्या आईनं सगळा गुंता एका वाक्यात सोडवला होता.

आणि मी तो पुन्हा गुंतवला. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना आक्का पाण्यात वाकून आपलं कपाळ बघत होती. बोटानं हवेतच कुंकवाचा गोल काढत होती. मी शहाण्यासारखं तोंड केलं आणि म्हटलं, "पुण्यात एवढं मोठं कुंकू कोणी लावत नाही. मास्तरीणबाई बघ, एवढीशी टिकली लावतात. रुपयाएवढं कुंकू बघून तर आणखीच हसतील." आक्काचं बोट हवेत थांबलं. "खरं?" "खरं म्हणजे! मला माहीत आहे." बारा वर्षांची पोर मी, पौडखेरीज दुसरं गाव बघितलेलं नाही, पण पुण्याचं सगळं मला माहीत! आक्का दगडावर बसली. तिच्या मोठ्या मोठ्या हातांत ओलं लुगडं तसंच राहिलं. "मग काय करायचं गं सुमे?" माझ्या आक्कानं, जिला सारं गाव विचारून पोरी सजवायचं, तिनं मला विचारलं. मला केवढा अभिमान वाटला! मी म्हटलं, "काढून टाकू."

कसं काढायचं ते मला ठाऊक होतं. वडिलांच्या तळहातावर वर्षापूर्वी एक मस आला होता. आईनं तो बिब्ब्यानं जाळला होता. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, तापला की त्याच्यातून काळं तेल चरचरत सुटतं, ते जागेवर टेकवायचं. थंडीत टाचांच्या भेगा भरायलाही आई तेच करायची. मस आठ दिवसांत वाळून गळून पडला आणि खाली नवी, गुळगुळीत कातडी आली होती. मी ती बोट लावून बघितली होती. मस जातो तर गोंदण का नाही जाणार? वरची कातडी गेली की कोर तिच्याबरोबर जाईल, हिशोब सोपा होता. तळहात आणि टाच ह्यांची कातडी वेगळी आणि कपाळाची वेगळी, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच की बिब्बा कुणाकुणाला उततो. आई तो तापवताना आम्हा पोरांना "लांब व्हा, उततो" म्हणून हाकलायची. ते पोरांसाठी, असं मी धरून चालले. आपण आता पोर नव्हतो.

मंगळवारी दुपारी आम्ही ते केलं. घरची सगळी खळ्यावर होती, भाताची झोडणी चालली होती. आक्काला चार दिवस उन्हात जायची बंदी होती, हळद आणि डाळीचं पीठ लावून तिला घरातच ठेवली होती. आम्ही माळ्यावर चढलो. खळ्यावरून पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता, धप्, धप्, मध्येच वडिलांची हाक. आक्का कणगीला टेकून बसली आणि डोळे मिटले. मी चिमणी पेटवली. माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं होतं, मास्तर माझी पाटी वर्गाला दाखवायचे. त्याच वळणदार हातानं मी ती कोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवली, जराही बाहेर जाऊ दिलं नाही, आणि शेवटी ठिपका. चरचर आवाज झाला. आक्कानं पदर तोंडात कोंबला होता आणि दुसऱ्या हातानं माझा गुडघा धरला होता. गुडघ्यावर तिची पाची बोटं उमटली, पण तोंडातून आवाज नाही. झाल्यावर दोघी हसलो. कपाळावर काळी कुळकुळीत कोर दिसत होती. "लई चुनचुनतंय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "चुणचुणणारच. निघतंय ना ते." तिनं पदर पुढं ओढला आणि संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून लवकर पडून राहिली.

सकाळी मी उठले ती आईच्या किंकाळीनं. आक्का अंथरुणावर उठून बसली होती आणि तिचे डोळे नव्हते. म्हणजे होते, पण दोन्ही पापण्या सुजून मिटून गेल्या होत्या. कपाळावर फोडच फोड, पाणी गळत होतं, नाक, गाल, कान, सगळं फुगलेलं. बिब्बा उतला होता. आईनं आक्काचे खांदे धरून गदगदा हलवलं. "कुनी केलं? कुनी केलं हे?" मी तांब्या हातात धरून दारात उभी होते. आक्कानं मिटल्या डोळ्यांनी तोंड आईकडं वळवलं आणि म्हणाली, "म्या केलं. एकलीनं." आईनं स्वतःच्या कपाळावर दोन्ही हात मारून घेतले. मला वाटलं, आता बोलू. आत्या खोबरं आणि तीळ वाटायला धावली, मला म्हणाली, "बघत काय उभी ऱ्हायलीस, पानी आन!" आणि मी पाणी आणायला गेले. न बोलायचं ते तिथून सुरू झालं.

मामाला गुरुवारच्या आत नेऱ्याला जाऊन पाहुण्यांना थांबवावं लागलं. आता तिथं काय सांगणार? पोरीनं आपलं तोंड जाळून घेतलं, असं सांगितलं तर लोक भलतेच अर्थ काढणार. मामा म्हणाला, पोरीला देवी आल्यात. त्याला वाटलं, देवीत कुणाचा दोष नसतो. पण नेऱ्याच्या म्हातारीनं देवी ऐकल्याबरोबर हात जोडले आणि पुन्हा नाव काढलं नाही. मुलाचं काय मत होतं ते कुणी विचारलंच नाही. पुढं वर्षभर ही बातमी आमच्याआधी सगळ्या गावांत पोचायची, आणि जी माणसं आक्काला बघायला यायची ती आधी तिचं तोंड उजेडाकडं वळवायला सांगायची. माझी ती बहीण, जिला बघायला बाया वावरात कंबर सरळ करून उभ्या राहायच्या.

महिन्याभरानं खपल्या पडल्या. आक्का अजून आरसा घेत नव्हती. मागच्या दारी उन्हात बसली होती, मला हाक मारली, पदर मागं सारला. "बघ बरं. गेलं का गं?" मी बघितलं. कोर जिथल्या तिथं होती. फक्त भोवतीची कातडी काळी पडून सुरकुतली होती, कडा उचलल्या होत्या, आणि मधून ती हिरवी रेघ, थोडी वाकडी होऊन, बघत होती. गोंदण कातडीच्या इतकं आत असतं की बिब्बा तिथवर पोचलाच नव्हता. मी म्हटलं, "गेलं." का म्हटलं? मला माहीत नाही. आक्का उठली, आत गेली, आरसा घेतला. मी बाहेर उभी राहून वाट बघत होते की ती ओरडेल, मला मारेल. तिनं कोनाड्यातला करंडा काढला आणि रुपयाएवढं मोठं कुंकू लावून बाहेर आली. कोर झाकून गेली. आईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तसंच.

मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं की मी ते आक्काच्या प्रेमापोटी केलं. प्रेम होतंच, पण तेवढंच नव्हतं. मला त्या कोरीची लाज वाटत होती. आक्का पुण्याला गेली की मी तिच्याकडं राहायला जाणार, तिथल्या मास्तरीणबाईसारख्या बायका आम्हाला बघणार, आणि त्या माझ्या बहिणीकडं बघून हसणार, ही माझी भीती होती. नेऱ्याच्या मुलाच्या मनात जे होतं तेच माझ्या मनात होतं, आणि त्याच्याही आधीपासून होतं. त्याला निदान ते तोंडानं म्हणायची हिंमत झाली.

शेवटी आक्का वरच्या खोऱ्यात एका बिजवराला दिली. पहिलीचं दोन वर्षांचं मूल होतं. भावजींनी तिच्या कपाळाकडं बघितलंही नाही, खांदे आणि मनगटं बघितली, आणि "चालंल" म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पाणी मात्र तो जन्मभर "पानी!" अशी हाक मारूनच मागत आला. माझी पाळी आली तेव्हा मला बघायला पुण्याहून माणसं आली, कचेरीतला मुलगा, सोबत त्याची आई. आक्का त्यासाठी मुद्दाम माहेरी आली होती. तिनंच माझी वेणी घातली आणि माझ्या कपाळाला टिकली लावली. "एवढीशीच ना गं?" तिनं विचारलं, आणि मी सांगितली तेवढीच लावली. मुलाच्या आईनं माझ्याकडं बघून मान हलवली. "बारीक आहे, पातळात शोभेल. गोंदलेलंही नाही, बरं झालं." ज्या अंगाला आत्या कुणी विचारणार नाही म्हणायची ते पहिल्या फटक्यात पसंत पडलं. ते कसं काय, हे आत्याला मरेपर्यंत कळलं नाही. आक्का दाराआड उभी राहून हसत होती. तेव्हाही मी बोलले नाही. आई गेली तेव्हाही नाही.

भावजी गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी पोचले तेव्हा बाया आक्काला घेऊन बसल्या होत्या. रीत म्हणून तिच्या जावेनं ओल्या फडक्यानं तिचं कुंकू पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. जवळजवळ पन्नास वर्षं एका चुलीवर भाकरी भाजलेली बाई, पण तिनं ते कपाळ कधी उघडं बघितलं नव्हतं. "अगं बाई! हे काय गं?" सगळ्या बाया पुढं झुकल्या. आक्का म्हणाली, "काय न्हाई. लहानपनी येडेपना केला व्हता. म्याच." मी म्हटलं, "तिनं न्हाई. बिब्बा माझ्या हातात व्हता. म्या केलंय ते." इतक्या वर्षांनी जीभ आपोआप गावच्या बोलीवर आली. बायांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. "माझा मानूस गेलाय आज," ती म्हणाली. "तुझं काय मधीच?"

मंडळी बाहेर गेली आणि आम्ही दोघीच राहिलो. आक्कानं माझं बोट धरून आपल्या कपाळावर नेलं. कातडी कधीच मऊ पडली होती, म्हातारपणाच्या सुरकुत्यांत ती जुनी सुरकुतीही मिसळून गेली होती. "मला आता आरशात दिसत न्हाई नीट," ती म्हणाली. "बघ बरं. हाय का गं अजून?"

मी चष्मा पुसला आणि बघितलं. ह्या खेपेला खोटं बोलायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. "हाय," मी म्हटलं.

"ठिपका?"

"ठिपका बी हाय."

"मंग झालं. वर इचारलं तर दाखवाया हाय," आक्का म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. मग तिनं आपला रुंद, खरखरीत हात माझ्या कपाळावरून फिरवला, ह्या भुवईपासून त्या भुवईपर्यंत, सावकाश, आणि तिला माझी कीव आली, आत्याला पूर्वी यायची तशीच.

"तुझ्या मातुर कायबी न्हाई गं सुमे," ती म्हणाली.